वर्गात प्रकाश दिसणारे आम्ही दोघं

आमच्या सोसायटीच्या ध्यानवर्गात प्रकाश दिसणारे दोघंच होते. एक मी, आणि दुसरे समोरच्या टॉवरमधले निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना मी दादा म्हणते. मला दिसलेला प्रकाश डोळ्याचा पडदा फाटल्यामुळे होता. ते डॉक्टरांनी सांगितलं आणि लेझरनं त्याचा बंदोबस्तही केला. दादांना दिसणारा प्रकाश खरा होता की वर्गापुरता, हे मात्र कळायला मार्ग नव्हता. खरा असेल तर त्यांचा डोळा जाणार होता. खोटा असेल तर फक्त अब्रू. आणि दादांची अडचण अशी, की या दोन्हींत त्यांना डोळा स्वस्त वाटत होता.

सुरुवातीपासून सांगते. माझे वडील इचलकरंजीत मागावर कामाला होते. सही करता यायची, पण सहीपलीकडे त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नाही. त्यांच्या घरात पहिली पदवी माझी. अर्थशास्त्र, दुसरा वर्ग. मग परीक्षा देऊन दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार केला, आणि निवृत्तीनंतर आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. हे मी न विचारता सांगते, कारण विचारायची वाट बघितली तर कुणी विचारत नाही.

नोएडाच्या सोसायटीत निवृत्त माणसाला दोन गोष्टी करता येतात: मेंटेनन्सवरून भांडण आणि ध्यान. भांडण ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, घेतलं. मी ध्यानाला जाऊ लागले.

वर्ग सकाळी क्लबहाउसच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारे सर एका कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम करून निवृत्त झालेले. आता ते आमच्यासारख्यांना शांत करायचे, फुकट. डोळे मिटा, भुवयांच्या मध्ये लक्ष ठेवा, श्वास बघा. शेवटी सर विचारायचे, "आज किसी को कुछ दिखा?" सरांच्या मते नेटानं बसणाऱ्याला कधी ना कधी आत प्रकाश दिसतो. वर्ग सुरू होऊन काही वर्षं झाली होती, अजून कुणाला दिसला नव्हता. लोक आपले काहीतरी सांगायचे. शांती मिली. गुडघा दुखला. एका बाईंना डोळे मिटले की घरचा गॅस चालू राहिल्याचं दिसायचं, रोज.

हॉलमध्ये पुढच्या रांगेला गादीच्या खुर्च्या होत्या, मागे प्लॅस्टिकच्या. पुढची रांग सरांनी 'प्रगती' झालेल्यांसाठी राखून ठेवली होती, त्यामुळे ती रिकामी असायची. दादा दुसऱ्या रांगेत, अगदी मधोमध बसायचे. तिथून पुढच्या खुर्च्या स्पष्ट दिसतात.

दादांचं घराणं दिल्लीत जुनं. पणजोबा ग्वाल्हेरहून आलेले, हिंदूराव हॉस्पिटलजवळ घर, आजोबा वकील, वडील प्राध्यापक. त्यांच्याकडे पदवी ही दुधाच्या दातांसारखी येते, कुणी मोजत नाही. माणूस सज्जन. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, तुमच्या साइडला कॉलेज वगैरे होतं का तेव्हा?" मनात काही नव्हतं त्यांच्या. मी म्हटलं, "होतं. मी त्यातूनच आले."

तर थंडीत एके दिवशी मी डोळे मिटून बसले होते आणि नजर जरा इकडची तिकडे झाली. डावीकडे, अगदी कडेला, चंद्रकोरीएवढी पांढरी रेघ चमकली आणि विझली. कुणी शेजारी बसून मोबाइलनं फोटो काढावा तशी. मी डोळे उघडून डावीकडे बघितलं. डावीकडच्या बाई घोरत होत्या. परत मिटले, परत चमकली.

सरांनी विचारल्यावर मी आहे ते सांगितलं. सरांनी हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढच्या रांगेत बसवण्यात आलं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "माहेरात पहिली पदवी माझी, सोसायटीत पहिला प्रकाशही माझाच."

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "मेंटेनन्स वाढवलाय परत."

त्यानंतर दोन-तीन दिवसांत दादांनाही प्रकाश दिसला. माझा कडेला होता, त्यांचा मधोमध. माझा पांढरा, त्यांचा निळा. माझा क्षणभर, त्यांचा टिकाऊ. दादा माझ्या शेजारच्या गादीच्या खुर्चीवर येऊन बसले आणि मग रोज त्यांचा प्रकाश थोडाथोडा वाढत गेला. एकदा त्यात कमळ होतं. संध्याकाळी खाली बाकावर त्यांच्या बायको, म्हणजे वहिनी, भेटल्या. म्हणाल्या, "घरात फ्रिजमधलं दही दिसत नाही ह्यांना, आणि तिथं कमळ दिसतं."

इकडे माझा प्रकाश वर्गाबाहेरही दिसायला लागला. अंधाऱ्या पॅसेजमधून बाथरूमकडे वळलं की चमक. वाकून चपला घातल्या की चमक. शिवाय घरात डास फार झाले. मी दोन दिवस टाळ्या वाजवत फिरत होते, एकही हाताला लागेना. ह्यांनी विचारलं, "काय मारतेस?"

"डास. हा बघा, डावीकडे."

"नोएडात या थंडीत डास नसतात. कुठल्या डोळ्यासमोर?"

मी उजवा डोळा झाकला. डास होते. डावा झाकला. गेले. मग मी तोच प्रयोग प्रकाशावर केला. तोही डाव्याच डोळ्यात.

"साक्षात्कार आणि डास एकाच डोळ्यात?" हे म्हणाले. "चल, गाडी काढतो."

दोन सेक्टर सोडून डोळ्यांचा दवाखाना आहे. डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या सुनेच्या वयाची. डोळ्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, कपाळाला दिवा बांधला आणि वर बघा, खाली बघा करत पार कोपऱ्यापर्यंत शोधलं. मग विचारलं, चमक किती दिवसांपासून दिसते? मी म्हटलं, आठवडा झाला असेल. म्हणाली, "आठवडाभर आप क्या कर रही थीं?"

"ध्यान," मी म्हटलं.

तिनं ते लिहून घेतलं नाही.

मग तिनं समजावून सांगितलं, आणि मी नीट समजून घेतलं, कारण समजून घ्यायची मला सवय आहे. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ भरलेला असतो. वय झालं की तो पातळ होतो, आकसतो, आणि मागच्या पडद्यापासून सुटायला लागतो. सुटताना पडद्याला ओढतो. आता पडद्याला दुखत नाही, खुपत नाही. त्याला एकच काम येतं, 'उजेड दिसला' असं मेंदूला कळवणं. त्यामुळे त्याला ओढलं तरी तो तेच कळवतो. आमच्या मंत्रालयात असा एक सेक्शन होता. काहीही पाठवा, तिकडून एकच उत्तर यायचं.

बहुतेकांच्या बाबतीत जेली सुटते आणि प्रकरण तिथंच मिटतं. पण काहींच्या बाबतीत ती सुटता सुटता पडदा फाडते. त्या फटीतून पाणी मागे शिरलं, की ओल धरलेल्या भिंतीचा पापुद्रा सुटावा तसा पडदा सुटत जातो. मग चमक नाही, सावली दिसते. कडेनं सुरू होते आणि मध्याकडे सरकते. मध्यापर्यंत पोचायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचते. पोचल्यावर केलं तर सांगता येत नाही. म्हणून नवी चमक, एकदम आलेले खूप सारे काळे ठिपके किंवा कडेची सावली, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. दुखणारच नाहीये ते.

माझा पडदा घोड्याच्या नालेच्या आकारात फाटला होता. पाणी अजून शिरलं नव्हतं. त्याच दुपारी फाटलेल्या जागेभोवती लेझर मारून पडदा चिकटवला. हिरवे झटके बसतात, थोडं ठणकतं, चहाला वेळ लागतो तेवढ्यात होतं.

उठता उठता मी विचारलं, हे कुणालाही होतं का? डॉक्टर म्हणाली, पन्नाशीनंतर कुणालाही. पण ज्यांना मोठ्या मायनस नंबरचा चष्मा आहे, किंवा ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांनी जास्त सांभाळायचं.

दादांचा चष्मा काचेच्या बरणीच्या बुडासारखा होता. आणि एका डोळ्याचा मोतीबिंदू त्यांनी मागच्याच वर्षी काढला होता.

दुसऱ्या दिवशी मी फोन लावला.

"दादा, डोळे दाखवून घ्या."

"कशाला? माझं बढिया चाललंय."

"माझंही बढियाच चाललं होतं."

"तुमचं मेडिकल निघालं, ताई. वाईट वाटलं. माझं ते नाही."

"कुठल्या डोळ्यात दिसतो?"

"डोळ्यात नाही दिसत. आत दिसतो."

"एक डोळा झाकला तर?"

"मी मिटूनच बसतो ना, ताई. मिटलेला डोळा झाकायचा कसा?"

उत्तर चोख होतं. बँकेत ऑडिटवाल्यांनाही ते असंच परत पाठवत असावेत.

"मान वळवली की चमकतो का?"

"ध्यानात मान कशाला वळवू? आणि ऐका, मी आत्ताच नवी फ्रेम केलीय, नंबर चेक झालाय. डोळे बिल्कुल फिट. तुम्ही आराम करा."

मी फोन ठेवला आणि विचार केला. माझी चमक ओढलेल्या पडद्याची होती. दोन्ही डोळ्यांना नागमोडी रेघा दिसून अर्ध्याएक तासात जातात, ती अर्धशिशी, हेही डॉक्टरनं सांगितलं होतं. मधोमध, निळा, टिकाऊ, आत कमळ, असा प्रकाश कुठल्याच आजारात बसेना. त्यामुळे दादा निरोगी आहेत अशी मला दाट शंका आली. पण चष्मा होता, मोतीबिंदू होता. शंकेवर कुणाचा डोळा सोडून देता येत नाही.

ह्यांचं मत वेगळं. "तोंडावर विचार. खोटं असेल तर कबूल करतील."

"करणार नाहीत. तुम्ही केलं असतं?"

"मला दिसलाच नसता."

खरी गोष्ट अशी, की दादा दोन्हीकडून अडकले होते. दवाखान्यात गेले तर प्रकाश हा आजार ठरतो आणि खुर्ची जाते. प्रकाश नव्हताच म्हणाले, तर प्राध्यापकांचा मुलगा खोटं बोलला असं होतं, तेही मागावरच्या माणसाच्या मुलीसमोर. हे दुसरं त्यांच्या मनात होतं की माझ्या, ते मी ठरवू शकत नाही.

सरकारी नोकरीत मी एक गोष्ट शिकले. माणसाला आधी चूक कबूल करायला लावाल, तर फाईल तिथंच बसते. तो सगळी शक्ती कबूल न करण्यात घालवतो. त्यामुळे अनुभवी माणूस टिपण लिहिताना सुरुवातीलाच लिहितो, 'प्रकरणाच्या खरेखोटेपणात न शिरता असे सुचवण्यात येते की...' यापुढे काहीही सुचवा, ते मंजूर होतं. बाहेरच्या लोकांना ही पळवाट वाटते. मी या एका वाक्यावर पूल बांधून झालेले बघितलेत.

मी सरांकडे गेले. सर पुढच्या आठवड्यापासून श्वास रोखून धरायचा नवा अभ्यास सुरू करणार होते. पहिल्या तुकडीत दादांचं नाव सगळ्यात वर होतं.

मी म्हटलं, "सर, डॉक्टर ने मुझे कुछ दिन ज़ोर लगाने से मना किया है."

"आप आराम कीजिए ना."

"मैं तो करूँगी. पर मुझे मालूम है कि मेरा पर्दा फटा है. जिसका फटा हो और उसे मालूम न हो, उससे आप साँस रुकवाएँगे?"

सर शांत झाले. आमच्यासारख्यांना शांत करणारा माणूस स्वतः शांत झाला, की समजावं, घाबरला.

"तो क्या करें?"

"पचास के ऊपर सबकी आँखों की जाँच. दवा डलवाकर, पर्दे की. चश्मे के नंबर वाली नहीं. और किसको क्या दिखता है, यह किसी से मत पूछिए. दिखे तो भी जाँच, न दिखे तो भी."

संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला. मसुदा माझाच होता, सरांनी खाली फक्त फुलं घातली. ज्यांना नवा अभ्यास करायचा आहे त्यांनी तपासणी करून यावं. गॅसवाल्या बाईंनी लगेच विचारलं, थेंब घातल्यावर स्वयंपाक करता येतो का. आणि पाठोपाठ दादांचा मला फोन.

"ताई, तुमच्या डॉक्टरचा नंबर द्या. फॉर्मॅलिटी आहे, करून टाकू. मला पहिल्या बॅचला बसायचंय."

"माझी पण तपासणी आहे. बरोबरच जाऊ."

आम्ही चौघं गेलो. हे गाडी लावायला जागा शोधत फिरत होते. वहिनी काउंटरवर होत्या. आम्हा दोघांच्या डोळ्यात थेंब घालून आम्हाला एका लांब बाकावर बसवलं. तिथं दहा-बारा माणसं डोळे मिटून ओळीनं बसली होती. समोर टीव्ही चालू होता, कुणी बघत नव्हतं. मधूनमधून एक नर्स यायची आणि "आँखें बंद रखिए" म्हणून परत एक थेंब टाकून जायची. आमच्या वर्गापेक्षा इथली बैठक चांगली होती. कुणी हलत नव्हतं.

"ताई?" शेजारून दादांचा आवाज आला.

"हं."

"ही कुठेय?"

"काउंटरवर भांडतायत. ऐकू येत नाही का?"

"अच्छा." मग हळू आवाजात, "ताई, तो निळा प्रकाश जो आहे ना..."

"तो राहू द्या, दादा. तो कुणी विचारलेला नाही. दुसरं काही असेल तर बोला."

टीव्हीवर कुणीतरी पनीर कसं करायचं ते सांगत होतं.

"उजव्या डोळ्यात एक कोपरा आहे," दादा म्हणाले. "वर, नाकाकडे. तिथं काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसतच नाही काही तिथं. एक सावली आहे. मला वाटलं चष्म्याची फ्रेम मध्ये येते, म्हणून मी फ्रेम बदलली. मोठी घेतली. तरी आहे. आता जास्त आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही पुढे जाऊन बसलात ना, त्याच्या आसपास."

"आणि वर्गात सांगितलं नाहीत?"

"सर विचारतात, प्रकाश दिसला का. त्यांना काय सांगू, सावली दिसली? तुम्हाला उजेड आणि मला अंधार? चांगलं दिसतं का ते, यार?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला यार म्हणाले.

मी डोळे उघडले. सगळं दुधात बुडवल्यासारखं झालं होतं. काउंटर कुठे आहे ते दिसत नव्हतं, म्हणून मी वहिनींच्या आवाजाच्या दिशेनं चालत गेले. वाटेत कुणाच्या तरी पायावर पाय पडला. काउंटरला हात लागल्यावर मोठ्यानं म्हटलं, "इनको पहले देखिए. कोने में साया है, बढ़ रहा है." वहिनींचं भांडण अर्ध्या वाक्यात थांबलं. असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाकावरच्या कुणीही नंबरावरून तक्रार केली नाही. नोएडात हे घडतं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

डॉक्टरनं दादांचा डोळा बराच वेळ बघितला. मग म्हणाली, पडदा खालून सुटलाय. मध्यभाग अजून चिकटलेला आहे, पण थोडाच उरलाय. थांबता येणार नाही. तिनं दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला आणि फोन कानाला धरूनच दादांना विचारलं, "पहले रोशनी चमकती थी?"

खोलीत मी होते, वहिनी होत्या, दादा होते. दादांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"नहीं," ते म्हणाले. "रोशनी कभी नहीं. सिर्फ़ साया."

वहिनी म्हणाल्या, "आणि तो निळा?"

"तो वर्गातला," दादा म्हणाले.

ह्यांना अखेर गाडी लावायला जागा मिळाली होती, तेवढ्यात मी फोन करून गाडी परत काढायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. सुटलेला पडदा जागेवर बसवून डोळ्यात गॅसचा फुगा सोडला. तो विरेपर्यंत आतून पडदा दाबून धरणार. फुगा योग्य जागी राहावा म्हणून दादांनी पहिले काही दिवस मान खाली घालून राहायचं, झोपायचं तेही पालथं. नजर किती परत येईल, ते गॅस विरल्यावर कळेल. येईलच असं सर्जननं म्हटलं नाही. 'आशा आहे' म्हणाले. सरकारी भाषा मला कळते. त्याचा अर्थ सही झालेली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा दादा पलंगावर पालथे होते, तोंड कडेबाहेर. वहिनी म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मान खाली घातलेली आत्ता बघतेय." पण त्यांनीच पलंगाशेजारी खाली उशी टाकून ठेवली होती, येणाऱ्याला खाली बसून त्यांच्याशी बोलता यावं म्हणून. मी तिथं बसले.

"वर्गात काय सांगितलंत?" दादांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"ऑपरेशन झालं, एवढंच."

"आणि त्या प्रकाशाचं?"

"कुणी विचारलं नाही."

"सरांनी पण नाही?"

"सर आता प्रकाशाचं विचारत नाहीत. 'किसी को कोई तकलीफ़?' असं विचारतात. वर्ग फार लांबतो."

दादा हसले असावेत. पाठ हलली.

"त्या डोळ्यानं आत्ता काय दिसतं?" मी विचारलं.

"काही नाही. नुसतं हलतं, पाण्यासारखं." मग म्हणाले, "भीती वाटते, ताई."

माझ्याकडे यावर टिपण नव्हतं. वहिनींनी चहा आणला, दादांच्या कपात स्ट्रॉ होती. आम्ही दोघं जमिनीकडे बघत चहा प्यायलो.

मग मान वर करायची परवानगी मिळाली आणि दादांचे फोन सुरू झाले. ते रोज सकाळी मला काय दिसतं ते सांगायचे. वर्गात सांगायचे तसं नाही. वरच्या बाजूला उजेड आहे, खाली काळं. दोन्हींच्या मध्ये एक आडवी रेघ आहे, मान हलवली की हेलकावते. आज रेघ जरा खाली आहे. आज तितकीच आहे. आज वर बोटं दिसली, माझीच, चार की पाच ते कळलं नाही. मी डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, बरोबर सांगतायत, गॅस विरतो तशी रेघ खाली उतरते.

एका सकाळी फोन आला तेव्हा मी चहा टाकत होते.

"ताई, बाल्कनीत आहे. चांगला डोळा झाकलाय. रेघ गेली."

"मग काय दिसतं?"

"तुमचा टॉवर दिसतो. धूसर आहे. सरळ कडा आहे ना बिल्डिंगची, ती जरा वाकडी दिसते." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तुमची बाल्कनी दिसते. दोरीवर काहीतरी पांढरं आहे. तुमच्या मिस्टरांचा बनियन?"

मी बाहेर जाऊन बघितलं.

"परकर आहे," मी सांगितलं.

"अच्छा," दादा म्हणाले. "उद्या परत बघतो."